‘साफसफाई’ या शब्दाला हरकत

ऑक्टोबर २०२५ मध्ये चीनने नऊ वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांची कम्युनिस्ट पक्षातून आणि सैन्यातून हकालपट्टी एकाच दिवशी जाहीर केली. त्यांत हे वेइडाँग (‘हे’ हे आडनाव) होते, मध्यवर्ती लष्करी आयोगाचे उपाध्यक्ष आणि पॉलिटब्युरो या पक्षाच्या वरिष्ठ नेतृत्वमंडळाचे सदस्य. चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करताना वारलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे असल्याने चीनची बातमी इथे परक्या देशाची म्हणून वाचली जात नाही. त्यामुळे व्याख्यानमालेच्या मांडवापासून पूर्व भागातल्या चहाच्या टपरीपर्यंत वाद रंगणे साहजिक होते. एक बाजू म्हणते, याला म्हणतात शिस्त. आपलाच माणूस असला तरी पैसे खाल्ले की घरी. आपल्याकडेही एकदा अशी साफसफाई व्हायला हवी. दुसरी बाजू म्हणते, हुकूमशहा आपल्याच माणसांवर उठला की समजावे, त्याचे दिवस भरले. आणि कप खाली ठेवता ठेवता एक तिसरा सूर येतो: त्यांचे ते एकमेकांना मारतात, आपल्याला काय त्याचे?

तिन्ही बाजू तावातावाने बोलतात आणि तिन्ही भलत्याच प्रश्नाचे उत्तर देतात. एकाधिकारशाहीतली पक्षांतर्गत ‘साफसफाई’ गुन्हेगार शोधण्यासाठी नसते आणि ती वेडाच्या झटक्यातही होत नाही, असे माझे म्हणणे आहे. ती राज्य चालवण्याची एक पद्धत आहे. तिला ठरलेल्या पायऱ्या आहेत आणि तिचे काम एकच: ज्याला स्वतःचे वजन आहे असा माणूस काढायचा आणि ज्याचे सगळे वजन नेत्याने दिलेले आहे असा माणूस त्या जागी बसवायचा. हे काम पुरे झाले की पक्ष फक्त पाटीवर उरतो. त्याची किंमत मात्र पक्षाबाहेरची माणसे मोजतात, आणि ती संख्येने पक्षातल्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात.

आधी शब्दाबद्दल. रशियनमध्ये यासाठी रूढ झालेल्या ‘चिस्त्का’ या शब्दाचा अर्थ झाडलोट असा आहे. जर्मन शब्दही स्वच्छतेवरूनच आला. मराठीत आपण ‘शुद्धीकरण’ म्हणतो, ‘साफसफाई’ म्हणतो. शब्द तोंडातून निघाला की काढलेला माणूस कचरा ठरतो आणि काढणारा घरधनी. मग वाद घालायला उरते काय? नाझींनी तर १९३४ च्या हत्याकांडाला ‘रोमचे बंड’ असे नाव दिले. नाझी पक्षाच्याच गणवेशधारी दलाचा प्रमुख असलेल्या एर्न्स्ट रोमने बंड केलेलेच नव्हते; ३० जूनच्या पहाटे तो बाड व्हीसे या गावच्या हॉटेलात झोपला होता. तरी मारणाऱ्यांनी ठेवलेले ते नाव आजही वापरात आहे.

विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा मला मान्य आहे: सत्ताधारी पक्षात खरोखर घाण साचते. सत्ता आली की संधिसाधू आत शिरतात, लाच खातात, नातलगांची सोय लावतात. १९२१ मध्ये लेनिनच्या पक्षाने आपल्या सुमारे एक चतुर्थांश सदस्यांना काढले. कारणे होती लाचखोरी, दारू, पदाची हाव, कामचुकारपणा. सभा उघड असत, पक्षाबाहेरचे कामगारही उठून साक्ष देत, आणि काढलेल्या माणसाचे कार्ड जाई, जीव जात नसे. चीनमध्ये अंतर्गत सुरक्षेचे प्रमुख राहिलेले झोऊ योंगकांग यांना २०१५ मध्ये लाचखोरीसाठी जन्मठेप झाली. त्यांच्या कुटुंबाने जमवलेली माया काही कल्पित नव्हती. पण गुन्हा खरा असणे वेगळे आणि त्या गुन्ह्यासाठी माणूस काढला जाणे वेगळे. जिथे बहुतेकांचे हात बरबटलेले आहेत आणि प्रत्येकाची फाईल वरच्या कपाटात जपून ठेवलेली आहे, तिथे ‘याने खाल्ले का’ असे विचारून काहीच कळत नाही. याचीच फाईल आज का उघडली, असे विचारावे लागते.

रोमचेच प्रकरण पाहा. त्याची तपकिरी गणवेशातली एसए ही संघटना गुंडांचीच होती. १९३३ मध्ये तिने हजारो विरोधकांना तळघरांत नेऊन बडवले. हे हिटलरला तेव्हाही माहीत होते आणि तेव्हा ते त्याला हवे होते. मग वर्षभरात काय बदलले? एसएची संख्या तीस लाखांच्या पुढे गेली, तर व्हर्सायच्या तहाने जर्मन सैन्याला एक लाखाची मर्यादा घातलेली होती. रोमला ते सैन्य एसएच्या पोटात घालायचे होते, त्यामुळे सेनापती बिथरले. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग अखेरच्या आजारात होते, आणि त्यांची जागा घ्यायची तर हिटलरला सैन्याची संमती लागणार होती. तीन दिवसांत किमान ८५ माणसे मारली गेली. ‘गुंडांचा बंदोबस्त’ हे स्पष्टीकरण त्या यादीपुढे टिकत नाही. माजी चान्सेलर श्लायशर आणि त्यांच्या पत्नीला राहत्या घरात गोळ्या घातल्या. ७१ वर्षांचे गुस्टाव्ह फॉन कार मारले गेले, कारण १९२३ मध्ये हिटलरचा म्युनिकमधला उठाव त्यांनी मोडला होता. अकरा वर्षांपूर्वीचा हिशेब त्या गर्दीत चुकता झाला. व्हिली श्मिड या संगीतसमीक्षकाला तर नुसत्या नामसाधर्म्यामुळे उचलून मारले. ३ जुलैला मंत्रिमंडळाने एका कलमाचा कायदा केला: या तीन दिवसांत जे केले ते राज्याच्या स्वसंरक्षणासाठी होते आणि म्हणून कायदेशीर होते. २ ऑगस्टला हिंडेनबर्ग वारले आणि त्याच दिवशी सैनिकांकडून हिटलरच्या नावाने शपथ घेववली गेली.

या सगळ्यावर जर्मनीतल्या कायदेपंडितांनी काय म्हटले? कार्ल श्मिट हा त्या काळातला नामांकित घटनातज्ज्ञ. त्याने १ ऑगस्टला कायद्याच्या नियतकालिकात लेख लिहून सांगितले की नेता हाच कायद्याचा रक्षक आहे आणि संकटकाळी तोच न्यायाधीश आहे. मराठी वाचकाला इथे रामशास्त्री प्रभुणे आठवल्याशिवाय राहणार नाहीत. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला, आणि रामशास्त्र्यांनी चौकशी करून गादीवर बसलेल्या रघुनाथरावालाच दोषी ठरवले. पेशवाई काही लोकशाही नव्हती. तरीही तिच्यात निदान एक खुर्ची अशी होती, जिच्यावर बसलेला माणूस धन्याला खुनी म्हणू शकत होता. साफसफाईच्या पद्धतीत सर्वांत आधी मोडली जाते ती हीच खुर्ची. बाकी सारे नंतर.

ही पद्धत स्टालिनच्या रशियात सर्वांत नीट दिसते, कारण तिथले कागद उरले आहेत. सुरुवात बंदुकीने होत नाही, नोंदवहीने होते. एप्रिल १९२२ मध्ये स्टालिन पक्षाचा सरचिटणीस झाला तेव्हा इतरांना ते कारकुनी काम वाटले. पण कोणत्या जिल्ह्यात कोण सचिव जाणार हे त्या टेबलावर ठरत होते. पुढे एक घटना लागते. १ डिसेंबर १९३४ रोजी लेनिनग्राडचा पक्षप्रमुख किरोव्ह याला त्याच्या कचेरीच्या इमारतीतच गोळी घालण्यात आली. त्यामागे स्टालिन होता का, यावर इतिहासकार अजून भांडतात, आणि माझ्या मुद्द्याला त्या उत्तराची गरज नाही. त्याच दिवशी निघालेला हुकूम पुरेसा आहे: अशा खटल्यांचा तपास दहा दिवसांत संपवायचा, आरोपपत्र फक्त २४ तास आधी द्यायचे, वकील नाही, अपील नाही, शिक्षा लगेच अमलात. १९३५ मध्ये सर्व सदस्यांची पक्षकार्डे तपासायला घेतली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत घोळ निघाला. कुठे कार्डे हरवलेली, कुठे मेलेल्यांच्या नावावर चालू. ही शुद्ध कारकुनी ढिलाई होती. पण आता हरवलेले प्रत्येक कार्ड शत्रूच्या खिशात असल्याचे मानले जाऊ लागले, आणि ज्याच्या जिल्ह्यात ते हरवले तो सचिव शत्रूचा साथीदार ठरला.

खरे कसब पहिला बळी निवडण्यात असते. ज्याच्यासाठी कोणी रडणार नाही असाच तो असावा लागतो. लेनिनचे जुने सहकारी झिनोविएव्ह आणि कामेनेव्ह तसे होते. सत्तेबाहेर पडलेले, जुन्या भांडणांमुळे साऱ्यांशी वाकडे आलेले. ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांचा खटला चालू असताना प्याताकोव्ह या दुसऱ्या जुन्या नेत्याने पक्षाच्या वर्तमानपत्रात लेख लिहून त्यांचा नायनाट मागितला. पुढच्या जानेवारीत प्याताकोव्ह स्वतः पिंजऱ्यात होता. पहिल्या खटल्याची तयारी करणारा पोलीसप्रमुख यागोदा मार्च १९३८ मध्ये बुखारिन या एकेकाळच्या बड्या पक्षनेत्याच्या शेजारी आरोपी म्हणून उभा राहिला. त्याच्या जागी आलेला येझोव्ह १९४० मध्ये मारला गेला. प्रत्येकाने आपल्या आधीच्याला ढकलताना हात लावलेला होता, आणि म्हणूनच प्रत्येकाच्या पाळीला त्याच्या बाजूने बोलायला माणूस उरला नाही.

मग कबुलीचे काम. तपास अधिकारी पाळीपाळीने बदलत राहतात, आरोपी तोच राहतो, दिवसरात्र, झोपेविना. नुसता गुन्हा कबूल करून चालत नाही, साथीदारांची नावे द्यावी लागतात. एकाने पाच नावे दिली आणि त्या पाचांनी पाच-पाच, तर चौथ्या फेरीला ६२५ माणसे होतात. पोल पॉटच्या कंबोडियात तुओल स्लेंगच्या तुरुंगात या नावांच्या साखळीला ‘दोऱ्या’च म्हणत. तिथे नेलेल्या किमान बारा हजार कैद्यांत बहुसंख्य त्याच चळवळीतले कार्यकर्ते आणि त्यांचे कुटुंबीय होते. सद्दाम हुसेनने हीच पद्धत एका दुपारीत बसवली. २२ जुलै १९७९ रोजी बगदादच्या सभागृहात बाथ पक्षाचे नेते जमवले, एका सहकाऱ्याकडून कबुली वाचून घेतली आणि एकेक नाव पुकारले. नाव पुकारलेला उठून बाहेर नेला जाई. साठाहून अधिक नावे झाली, आणि उरलेले उभे राहून नेत्याचा जयजयकार करू लागले. पुढे मृत्युदंडाच्या वेळी गोळ्या झाडायला पक्षातल्याच माणसांना बंदुका दिल्या आणि सभागृहातले चित्रण मुद्दाम वाटले. ज्याने सहकाऱ्यावर गोळी झाडली त्याला नेत्याविरुद्ध जाण्याची वाट राहत नाही. चित्रण वाटण्याचे कारण हेच.

इथे सोलापूरकराने थोडे थांबून विचार करावा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १९३० च्या मार्शल लॉनंतर, १२ जानेवारी १९३१ रोजी, येरवड्यात फाशी दिली गेली. परक्या सत्तेने त्यांचा जीव घेतला, पण त्यांचे नाव तिला घेता आले नाही. या शहराने त्यांना चौकात उभे केले. साफसफाईत मरणाऱ्याला हेही मिळत नाही. त्याच्याकडून आधी लिहून घेतले जाते की मी देशद्रोही होतो. मग त्याचे सहकारी हात वर करून त्याला दुजोरा देतात. फोटोंतून त्याचा चेहरा खरवडला जातो आणि त्याचे नाव दिलेल्या गावाला दुसरे नाव मिळते. दडपशाही माणसाला मारते, हे आपण अनुभवाने जाणतो. त्याच्या साथीदारांच्याच हातून त्याचे आयुष्य पुसून घेण्याचा प्रकार आपल्याकडच्या परक्या राजवटीनेही केला नव्हता.

आता तिसरा सूर: त्यांचे ते एकमेकांना मारतात. हा मुद्दा वरवर पटतो, कारण मारल्या गेलेल्यांत खरोखर क्रूर माणसे होती. यागोदा आणि येझोव्ह यांच्यासाठी मीही अश्रू ढाळणार नाही. पण आकडे काय सांगतात? सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या ३० जुलै १९३७ च्या हुकूम क्रमांक ००४४७ मध्ये प्रत्येक प्रांताला कोटा ठरवून दिला होता. पहिला वर्ग म्हणजे गोळी, एकूण ७५,९५०. दुसरा वर्ग म्हणजे आठ ते दहा वर्षे छावणी किंवा तुरुंग, एकूण १,९३,०००. एकट्या मॉस्को प्रांताच्या वाट्याला ५,००० आणि ३०,०००. निकाल देणार तिघांचे त्रिकूट: पोलीसप्रमुख, पक्षसचिव, सरकारी वकील. आरोपी समोर आणायचीही गरज नव्हती. मुदत चार महिन्यांची होती, ती वाढत वाढत नोव्हेंबर १९३८ पर्यंत गेली, कारण प्रांतांचे अधिकारीच कोटा वाढवून मागत राहिले. कमी माणसे पकडणारा ढिला ठरे, आणि ढिला म्हणजे संशयित. या दोन वर्षांत ६,८१,६९२ लोकांना गोळ्या घातल्याची सरकारी नोंद आहे. त्यांतले बहुसंख्य पक्षाचे सदस्य नव्हतेच. ते होते शेतकरी, पाद्री, एकदा शिक्षा भोगून घरी आलेले लोक, पोलिश किंवा जर्मन आडनावाचे कामगार. पश्चिम सायबेरियाचा पक्षसचिव रोबेर्ट एइखे त्रिकुटात बसून माणसे मृत्यूला पाठवत होता आणि १९४० मध्ये त्यालाही गोळी घातली गेली, हे खरे. पण त्याच्या एका मरणाने त्या हजारोंची भरपाई कशी होणार? आणि ‘आपल्याला काय’ म्हणणाऱ्यांनी दोन नावे लक्षात ठेवावीत. सरोजिनी नायडूंचे बंधू वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, आणि १९२० मध्ये ताश्कंदला भारतीय कम्युनिस्ट पक्ष स्थापणाऱ्यांपैकी अवनी मुखर्जी. भारताच्या स्वातंत्र्यासाठी परदेशी गेलेल्या या दोघांना १९३७ मध्ये सोव्हिएत पोलिसांनी गोळ्या घातल्या.

कुटुंबांचे काय झाले तेही पाहायला हवे. ऑगस्ट १९३७ च्या आणखी एका हुकुमाने ‘देशद्रोह्यां’च्या बायकांना पाच ते आठ वर्षे छावणीत टाकायचे ठरले. त्यांच्यासाठी कझाकस्तानात वेगळी छावणी उभी राहिली. त्यांचा गुन्हा लग्न एवढाच होता. आपल्या इतिहासातही दरबारातल्या माणसांना देहान्त शिक्षा झाल्या आहेत. १६८१ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांविरुद्धचा कट उघड झाला तेव्हा अण्णाजी दत्तोंबरोबर बाळाजी आवजी चिटणीसही मारले गेले, आणि बाळाजींचा त्यात कितपत दोष होता यावर मतभेद आहेत. पण त्याच बाळाजींचा मुलगा खंडो बल्लाळ महाराजांच्या पदरी चिटणिशी करू लागला आणि पुढे राजाराम महाराजांच्या जिंजीच्या प्रवासात जिवावर उदार झाला. शिक्षा कठोर असेल, चुकलेलीही असेल, पण ती एका कृत्यापुरती राहिली आणि घराण्यावरचा विश्वास परत उभा राहू शकला. विसाव्या शतकातली ही पद्धत कृत्यापाशी थांबत नाही. तिला माणसाच्या ओळखीपाळखीसुद्धा मुळासकट उपटायच्या असतात.

‘पण याने राज्य मजबूत होते ना?’ हा शिस्तवाद्यांचा शेवटचा बालेकिल्ला. नेता मजबूत होतो, हे कबूल करायलाच हवे. स्टालिन १९५३ पर्यंत सत्तेवर राहिला आणि मधले महायुद्ध जिंकला. सद्दाम जवळपास चोवीस वर्षे टिकला. राज्याचे काय होते ते मात्र आपल्या गावच्या भाषेत सांगता येईल. मागावर बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटला की माग आपोआप थांबवणारा काटा असतो. तो काढून टाकला तर माग कमी वेळा थांबतो, आवाज अखंड येतो, लांबून पाहणाऱ्याला वाटते काय जोरात काम चालले आहे. कापड उलगडल्यावर कळते की मधले कित्येक वार बाण्याशिवायच गेले. साफसफाई नेमका हाच काटा काढते, म्हणजे वर वाईट बातमी नेणारा माणूस.

जानेवारी १९३७ मध्ये सोव्हिएत जनगणना झाली. स्टालिनने १९३४ मध्येच लोकसंख्या १६ कोटी ८० लाख असल्याचे सांगून टाकले होते. मोजणीत निघाली सुमारे १६ कोटी २० लाख. मधली माणसे दुष्काळाने आणि जबरदस्तीच्या सामुदायिक शेतीने खाल्ली होती. मोजणी रद्द झाली, संख्याशास्त्र खात्याचा प्रमुख क्राव्हाल आणि जनगणनेचा सूत्रधार क्वित्किन यांना गोळ्या घातल्या. १९३९ च्या जनगणनेत लोकसंख्या १७ कोटींच्या वर भरली. यात नवल ते काय? लष्करी गुप्तवार्ता खात्यातही तेच. बेर्झिन, उरित्स्की, गेंदिन हे त्याचे प्रमुख एकामागून एक मारले गेले. १९४१ मध्ये त्या खुर्चीत बसलेल्या गोलिकोव्हने जर्मन हल्ल्याच्या खबरा ‘इंग्रजांनी पसरवलेल्या अफवा’ अशा शेऱ्यासह वर पाठवाव्यात, हे समजण्यासारखे आहे. २२ जूनला हल्ला झाला तेव्हा पाच मार्शलांपैकी तिघे चार वर्षांत नाहीसे झालेले होते.

चीनचे उदाहरण याहून भयंकर आहे. १४ जुलै १९५९ रोजी लुशानच्या बैठकीत संरक्षणमंत्री पेंग देहुआई यांनी माओंना पत्र लिहिले. उत्पादनाचे आकडे फुगवलेले आहेत, घरोघरच्या पोलाद भट्ट्यांत पैसा वाया गेला आहे, असा त्याचा आशय. पत्र खासगी होते. माओंनी ते छापून सर्वांना वाटले. काही आठवड्यांत पेंग गेले आणि लिन बियाओ आले. पेंग यांच्यावर टीका करणाऱ्यांत राष्ट्राध्यक्ष लिऊ शाओचीही होते. त्यानंतर कोणता जिल्हाधिकारी वर लिहील की धान्य कमी आले आहे? ‘उजव्या विचलना’विरुद्ध मोहीम सुरू झाली. फुगवलेल्या आकड्यांवर वसुली होत राहिली आणि १९६० हे दुष्काळाचे सर्वांत भीषण वर्ष ठरले. मृतांचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण सगळे कोटींत आहेत. दुष्काळ १९५९ च्या आधीच सुरू झाला होता. तो थांबवता आला असता, ती संधी त्या बैठकीत गेली.

‘साफसफाई म्हणजे शेवटाची सुरुवात’ म्हणणाऱ्यांसाठी फार लिहायची गरज नाही, तारखाच पुरेत. सोव्हिएत पक्षाचे १९३४ चे अधिवेशन ‘विजेत्यांचे अधिवेशन’ म्हणून ओळखले जाते. त्यातल्या १,९६६ प्रतिनिधींपैकी १,१०८ जणांना पुढे अटक झाली आणि तिथे निवडलेल्या केंद्रीय समितीच्या १३९ पैकी ९८ जण मारले गेले. हे आकडे ख्रुश्चेव्हने १९५६ मध्ये सांगितले. सद्दाम राष्ट्राध्यक्ष झाला १६ जुलैला, सभागृहातली ती दुपार सहा दिवसांनी आली. उत्तर कोरियाच्या किम जोंग उनने आत्याचे यजमान जांग सोंग थेक यांना डिसेंबर २०१३ मध्ये मारले, सत्ता घट्ट करताना; आरोपांत त्यांनी टाळ्या मनापासून वाजवल्या नाहीत हाही एक होता. पोल पॉट मात्र याच मार्गाने बुडाला, हे मान्य: पूर्व विभागातल्या आपल्याच लोकांना तो मारत सुटला, जिवंत सुटलेले व्हिएतनामला पळाले आणि जानेवारी १९७९ मध्ये व्हिएतनामी फौजेबरोबर परत आले. पण फौज परक्या देशाची होती. आतून कोणी त्याला पाडू शकले नाही.

‘आपले पक्षही माणसे काढतातच की’ असेही कोणी म्हणेल. काढतात. १२ नोव्हेंबर १९६९ रोजी निजलिंगप्पांच्या नेतृत्वाखालच्या काँग्रेसने पंतप्रधान इंदिरा गांधींनाच पक्षातून काढले. दुसऱ्या दिवशीही त्या पंतप्रधान होत्या, खासदार बहुसंख्येने त्यांच्या बाजूला होते आणि पुढच्या निवडणुकीत निकाल मतदारांनी लावला. त्याच १२ नोव्हेंबर १९६९ ला, त्याच दिवशी, चीनचे पदच्युत राष्ट्राध्यक्ष लिऊ शाओची काइफंगच्या एका बंदिस्त इमारतीत औषधोपचाराविना मेले. त्यांचे दहन खोट्या नावाने झाले, नोंदीत व्यवसाय ‘बेकार’ असा लिहिला गेला, आणि मुलांना मृत्यू कळायला जवळपास तीन वर्षे लागली. पुढे न्यायालयांनी मोजले तेव्हा लिऊंच्या प्रकरणात गुंतवून शिक्षा झालेल्यांची संख्या २८,००० च्या वर भरली. हकालपट्टी दोन्हीकडे झाली. फरक इतकाच की इकडे पक्षाबाहेर एक जग होते: न्यायालय, वर्तमानपत्र, दुसरा पक्ष, मतपेटी. ज्यांना आपल्याकडे ‘तशी’ साफसफाई हवी आहे, त्यांना बहुधा भ्रष्ट माणूस तुरुंगात जायला हवा आहे, आणि ती मागणी रास्त आहे. तिच्यासाठी हिशेबतपासनीस लागतो, पोलिसांना न घाबरणारा न्यायाधीश लागतो, साक्षीदाराला संरक्षण लागते. ‘तशा’ साफसफाईत नेमक्या याच तिघांचा बळी जातो.

म्हणून त्या नऊ अधिकाऱ्यांच्या बातमीकडे कसे पाहावे? आरोप ‘शिस्तभंग’ आणि ‘मोठ्या रकमा’ एवढ्या शब्दांत आहेत; कोणत्या खरेदीत, कोणाकडून, किती, हे सांगितलेले नाही. लष्करी खटले बंद दाराआड चालतात. जाहीर केले ते केंद्रीय समितीचे अधिवेशन तीन दिवसांवर आले असताना. काढलेल्यांत कित्येकांच्या बढत्या आजचे नेते शी जिनपिंग यांच्याच कारकिर्दीत झालेल्या. त्यांनी लाच खाल्ली असेलही. पण रिकाम्या जागांवर कोण बसतो, आणि बसलेला माणूस वरच्याला ‘हे जमणार नाही’ असे तोंडावर सांगू शकतो का, हे पाहिल्याशिवाय ‘काय शिस्त आहे’ म्हणणे घाईचे आहे.

आणि कोटणीसांचे नाव घेऊन ही शिस्त सांगणाऱ्यांना तर आग्रहाने सांगायला हवे. डॉक्टर जपानशी लढणाऱ्या चिनी कम्युनिस्टांच्या ज्या आठव्या मार्ग सेनेच्या जखमींसाठी ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी झिजून गेले, तिचे उपसेनापती पेंग देहुआई होते. सांस्कृतिक क्रांतीत त्यांना रस्त्यांतून फिरवून मारहाण झाली आणि १९७४ मध्ये ते पहाऱ्यात मेले. त्याच सेनेच्या एका डिव्हिजनचे प्रमुख, हे लाँग, मधुमेही होते. कोठडीत त्यांची औषधे तोडली, आणि जून १९६९ मध्ये अखेरच्या दिवशी त्यांना ग्लुकोज चढवले. शत्रूच्या गोळीबारात रुग्ण सोडून न हटणाऱ्या डॉक्टरचे नाव या कारभाराच्या समर्थनाला वापरणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

लिऊंची हकालपट्टी ऑक्टोबर १९६८ च्या बैठकीत झाली. केंद्रीय समितीच्या ९७ सदस्यांपैकी दहा वारले होते, आणि अटकसत्रांनंतर हजर राहू शकले फक्त चाळीस. गणसंख्या भरेना, म्हणून दहा पर्यायी सदस्यांना ऐनवेळी बढती देऊन आकडा पन्नासवर नेला. मग ठराव मांडला: लिऊ हे फितूर आणि हेर आहेत, त्यांना कायमचे काढावे. सभागृहातले हात वर गेले. चेन शाओमिन या एका बाईचा गेला नाही. ती कापडगिरण्यांच्या कामगार संघटनेची राष्ट्रीय अध्यक्ष राहिलेली, वय साठीच्या पुढे, आजारी. ती मेजावर डोके टेकून बसून राहिली. माओंचा विश्वासू कांग शेंग याने नंतर जाब विचारला तेव्हा तिने मत देणे न देणे हा आपला अधिकार असल्याचे सांगितले. तिला हेनान प्रांतात मजुरीला धाडले, तिथे तिची प्रकृती आणखी ढासळली. लिऊ निर्दोष असल्याचा ठराव पक्षाने फेब्रुवारी १९८० मध्ये केला. चेन शाओमिन डिसेंबर १९७७ मध्येच गेली होती.